सुईमागचे बोट



वारकरी माउलीहो, निरूपणाला बसायचे म्हणजे समोर एखादे संतवचन हवे, ही आपली रीत. ह्या खेपेस आमच्यासमोर वचन नाही, अंगुस्तान आहे. शिंपी मधल्या बोटावर चढवतो ती पितळेची टोपी. बाजारात किंमत विचाराल तर दोन चहांच्या पैशांत येईल. एवढ्याशा वस्तूवर काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. पूर्वी आम्हीही तसेच म्हणालो असतो. परंतु ह्या वस्तूने आमचे तीस वर्षांचे कीर्तन एका प्रश्नात अडवले. त्या प्रश्नाच्या आधी आमच्या हातून एक चूक होऊन गेली होती, ती कबूल केल्यावाचून पुढे बोलणे आम्हांस जड जाते. म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या दिंडीत एक आक्का आहेत. त्यांनी नाव छापू नका म्हणून बजावले आहे, तेव्हा आक्का एवढेच पुरे. वय साठीच्या पुढे. दिंडीचे शिवणकाम वीस-बावीस वर्षे त्यांच्याकडे. आता दिंडीत कसले आले शिवणकाम, असे घरबसल्या वाटते. पण ज्याने वारी केली तो जाणतो. राहुटीची शिवण उसवते, कनातीची कडी जिथे अडकते तिथे कापड फाटते, पताकेची काठी घालायची नळी वाऱ्याने चिरते, पखवाजाची गवसणी, वीणेचा पट्टा, कोणाच्या पडशीचा बंद. रोज संध्याकाळी मुक्कामावर पोहोचले की आक्कांच्या पुढे ढीग येऊन पडायचा. यंत्र ट्रकमध्ये घालून नेता येते, नाही असे नाही. परंतु भिजून लगदा झालेली राहुटी यंत्राच्या दट्ट्याखाली जात नाही, आणि उभ्या राहुटीला रात्री अकरा वाजता टाका घालायचा तर हाताखेरीज गती नाही.

आक्का अंगुस्तान वापरीत नसत. कोणी तरी एकदा आणून दिले होते. दोन टाके घातले, बोट आंधळे झाल्यासारखे वाटते म्हणाल्या, आणि ते सुपारीच्या डबीत टाकून दिले. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या शेंड्यावर घट्टा पडला होता आणि त्या घट्ट्याला चाळणीसारखी भोके पडली होती.

सन २०१९ च्या वारीत एका मुक्कामी आम्ही भर कीर्तनात आक्कांना उभे केले. त्यांचे ते बोट लोकांना दाखविले. म्हणालो, सोन्याची अंगठी सोनार घडवतो, हा दागिना पांडुरंगाने घडवला आहे. आणि पुढे, अंगुस्तानाची कथा कानावर आलेली असल्यामुळे, हेही म्हणालो की आक्कांना अंगुस्तान लागत नाही, नाम हेच त्यांचे अंगुस्तान. लोकांनी टाळ्या वाजविल्या. कित्येकांच्या डोळ्यांना पाणी आले. आक्का पदर तोंडाशी घेऊन खाली बसल्या. आम्ही घरी जाऊन ते वाक्य वहीत उतरवून ठेवले, इतके ते आम्हांस आवडले होते!

पुढची दोन वर्षे आपण सर्वांनी पाहिली. २०२० आणि २०२१ ह्या साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या आणि आपण सारे घरात बसलो. आक्का घरात बसून शिवत होत्या. गावाला कापडी मुखपट्ट्या हव्या होत्या, त्या शिवल्या. नंतर नातवंडांसाठी वाकळा घेतल्या. त्यांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार. हा आजार जुना झाला की हातापायांच्या नसा बधिर करतो, जखम झालेली कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. सुईचे मागचे टोक त्या घट्ट्यातून आत शिरले. दुखले नाही, म्हणून त्यांनी हळद दाबली आणि पुढचा टाका घातला. दुसऱ्या दिवशीही दुखले नाही. बोट सुजले, काळे पडले, तरी दुखेना. सून बळेच दवाखान्यात घेऊन गेली, तोवर पू हाडापर्यंत गेला होता. बोटाचे वरचे पेर काढावे लागले.

डॉक्टरांनी विचारले, आजी, इतके दिवस अंगावर का काढले? त्यावर आक्का काय म्हणाल्या ते त्यांच्या सुनेने आम्हांस पुढे सांगितले. म्हणाल्या, "आमच्या महाराजांनी सांगितलंय, तो दागिना आहे."

वाचकहो, हे ऐकल्यावर आम्ही किती वेळ गप्प बसलो होतो ते आठवत नाही. वहीतले ते पान फाडायला हात गेला होता. मग फाडले नाही. राहू दे म्हटले, दिसत राहू दे.

सन २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. दोन वर्षे गोदामात पडलेल्या राहुट्या उघडल्या तर उंदरांनी त्यांची जाळी केलेली. आक्का आल्या होत्या, पण शिवायला बसल्या नाहीत. उजवा हात पदराखाली ठेवून चालायच्या. शिवणाचे काम ज्याला जसे येईल तसे चालले होते. म्हणजे खरे सांगायचे तर चालले नव्हतेच, राहुट्यांना दोऱ्यांच्या गाठी मारून रात्री निभत होत्या.

त्या वर्षी एक म्हातारे शिंपी दिंडीत नवे आले होते. पंचाहत्तरीचे. उभा जन्म कोटांची हातशिलाई करण्यात गेलेला. काजे करणे, अस्तर तुरपणे, कॉलरच्या आतले न दिसणारे टाके घालणे, हे त्यांचे काम. सगळे त्यांना आजोबा म्हणत. सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो, तिथे दुपारी आमचे प्रवचन झाले. विषय नामदेवराय. आपणांस ठाऊकच आहे की नामदेवराय शिंपी कुळातले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतल्या आसा रागातल्या एका पदात त्यांनी आपल्या धंद्याची सगळी हत्यारे परमार्थाला लावली आहेत. मनाचा गज, जिभेची कातर, पुढे रंगविणे आणि शिवणे, पुढे सुई आणि दोरा. हे पद आम्ही किती वेळा लावून सांगितले असेल ह्याची गणती नाही. गजाचा अर्थ सांगितला, कातरीचा सांगितला, सुईचा सांगितला. श्रोते डोलले.

प्रवचन आटोपल्यावर आजोबा जवळ आले. पाया पडले. आणि अगदी नम्रपणे विचारते झाले, "महाराज, सुई ढकलली कशानं?"

आम्हांस प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "नाही, गज आला, कात्री आली, सुई-दोरा आला. बोट कुठं आलं?"

नामदेवरायांनी ते का सांगितले नाही, ह्याचा तर्क आम्ही करणार नाही. शिंप्याच्या पोराला सुईमागे बोट असते हे सांगावे लागत नाही, इतके म्हणून थांबतो. पण आम्ही शिंपी नव्हे. आम्ही तीस वर्षे त्या पदावर बोललो, आणि सुई आपोआप कापडातून जाते असे धरून बोललो. तिच्यामागे कोणाचे तरी बोट असते, आणि ते बोट साक्षात आमच्या समोर पदराखाली झाकलेले बसले होते. आम्ही आजोबांना आक्कांची सगळी हकीकत सांगितली. कीर्तनातल्या त्या वाक्यासकट.

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "महाराज, अंगुस्तान म्हणजे टोचू नये म्हणून असतं, असं आपल्याला वाटतंय."

होय, तसेच वाटत होते. आपल्यापैकी पुष्कळांना तसेच वाटत असेल. म्हणून हे जरा सावकाश पाहू.

सुईला दोन टोके. एक अणी, दुसरे नेढ्याचे. अणी पुढे कापडात शिरते. ती टोचली तर खालच्या हाताला टोचेल, डाव्या हाताला. वाकळ शिवताना डाव्या हाताची बोटे खाली अणीची वाट पाहत असतात, तिथे टोचते खरी. परंतु उजव्या हाताचे मधले बोट अणीच्या बाजूला नसतेच मुळी. ते मागे असते, नेढ्यापाशी, सुई ढकलायला. कापड जितके जाड तितकी सुई पुढून अडते, आणि जितकी अडते तितकी ती मागे, बोटात, उलटी शिरू पाहते. नेढ्याचे टोक बोथट असले तरी बारीक. साऱ्या हाताचा जोर त्या बारीक टोकावर, तेवढ्याशा कातडीवर येतो. अंगुस्तान तो जोर एका ठिकाणी न ठेवता साऱ्या पेराला वाटून देते. त्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे जे बारीक खळगे असतात ते शोभेचे नव्हेत. नेढे त्या खळग्यात बसते म्हणून घसरत नाही.

तेव्हा अंगुस्तान ही ढाल नव्हे. लढाईतून मागे सरणाऱ्याची तर नव्हेच नव्हे. ज्याला जोर लावायचा आहे, चार घड्यांतून, सहा घड्यांतून सुई पार करायची आहे, त्याचे ते साधन. बिनअंगुस्तानाचा हात जाड शिवणीपाशी आला की चोरटा होतो. बोटाला कळते की आता लागणार, म्हणून ते आपोआप जोर कमी करते, टाका वरवरचा पडतो, आणि पहिल्या वाऱ्याला तो सुटतो. आक्कांचा टाका कधी सुटला नाही हे खरे. पण त्यांनी तो काय देऊन घातला ते आता आपण पाहिले.

'अंगुश्त' म्हणजे फारसीत बोट. शब्द तिकडून दर्जींच्या बरोबर आला आणि आपला झाला. त्याच्या दोन जाती. एक वरून बंद, टोपीसारखे, ते बहुधा घरी बायका वापरतात आणि बोटाच्या शेंड्याने ढकलतात. दुसरे वरून उघडे, जाड कड्यासारखे, ते शिंप्याचे. शिंपी शेंड्याने ढकलीत नाही. बोट वाकवून नखाशेजारच्या बाजूने ढकलतो, म्हणून त्याला वरची टोपी लागत नाही आणि बोटाला वारा मिळतो. आजोबांचे लोखंडी होते. आतून इतके गुळगुळीत झाले होते की आम्ही बोट घालून पाहिले तर निघताना कळलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आक्कांकडे गेले. आक्कांनी हात दाखवायचे नाकारले. म्हणाल्या, "आजोबा, आता काय शिकायचं? बोटच गेलं." आजोबा म्हणाले, "एक गेलं. नऊ आहेत." आक्का हसल्या नाहीत. मग आजोबा आमच्याकडे वळून म्हणाले, "महाराज, तुम्हीपण बसा शिकायला. त्या एकट्या बसल्या तर त्यांना लाज वाटेल."

आम्हांला लाज वाटेल की नाही, हे त्यांनी विचारले नाही!

आता इथे एक कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण सर्वांनी ती ऐकली आहे. गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटणे पाहून विचारले, काका, हे कशाचे? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते ह्याने कळते. मग, ह्या मडक्यांत कच्चे कोणते तेही सांगा, असे म्हटल्यावर काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. सगळे मुकाट बसले. नामदेवराय तेवढे रागावले. काका म्हणाले, हे मडके कच्चे. त्यानंतर नामदेवराय औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, आणि कीर्तीच्या शिखरावर असताना पहिल्या पायरीपासून शिकले.

ह्या कथेचा अर्थ आम्ही असा सांगत आलो की, जो सोसतो आणि बोलत नाही तो पक्का. आक्कांचे बोट आम्ही त्याच मापाने मोजले होते. बोलत नाही, म्हणजे पक्के. अहो, ते बोट पक्के नव्हते, बधिर झाले होते! गप्प राहणे दोन प्रकारचे असते हे आम्हांस कधी सुचले नाही. गोरोबाकाकांच्या हाताला मडक्याच्या आवाजातला फरक कळत होता, त्यांची परीक्षा चूक म्हणण्याची आमची प्राज्ञा नाही. चुकला तो आमचा अर्थ. आज ती कथा वाचताना आमचे लक्ष मुकाट बसलेल्यांकडे जात नाही. ज्याला लागले, ज्याने लागले असे बोलून दाखविले, आणि जो मग उठून शिकायला गेला, त्या शिंप्याच्या पोराकडे जाते.

असो. शिकण्याची हकीकत सांगतो, कारण ती पुष्कळांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे.

आक्कांचे मधले बोट गेलेले, तेव्हा अंगुस्तान अनामिकेवर चढवायचे ठरले. अनामिका हे आळशी बोट. ते एकटे वाकत नाही, करंगळीला ओढते, आणि त्यात जोर कमी. आमचे बोट धड होते, तरी आमची गत काही वेगळी झाली नाही. पहिली गोष्ट मापाची. सकाळी बरोबर बसलेले अंगुस्तान संध्याकाळी चढेना, कारण उन्हातून चालून चालून बोटे सुजतात. आजोबा म्हणाले, वारीत माप संध्याकाळी घ्यावे. हात खाली करून झटकला तर पडू नये, आणि काढले तर बोटावर वळ राहू नये, हे माप. सैल असेल तर आत चिंधीचा तुकडा घालावा.

मग त्यांनी सुईत दोराच ओवू दिला नाही. कोरी सुई, मांजरपाटाचा तुकडा, आणि नुसते ढकलणे. अंगठा आणि तर्जनी ह्यांनी सुई अणीच्या जवळ धरायची, बोट वाकवून अंगुस्तानाची बाजू नेढ्याला टेकवायची, आणि ढकलायची. सांगताना तीन शब्दांचे काम. करताना काय होते की अंगठा आणि तर्जनी जुन्या सवयीने सुई स्वतःच ओढून काढतात, आणि अंगुस्तान घातलेले बोट जावयासारखे ताठ बाजूला उभे राहते! दहापैकी नऊ वेळा आमचे असे झाले. आक्कांचे तर दहापैकी दहा. त्यांनी एकदा रागाने अंगुस्तान काढून टाकले, ते पालातून घरंगळत चुलीपाशी गेले. आजोबांनी उठून आणले, धोतराला पुसले, पुन्हा त्यांच्या पुढे ठेवले. बोलले काही नाही.

जेजुरी सोडल्यावर त्यांनी निराळा उपाय काढला. सुती पट्टी घेऊन आक्कांची अनामिका वाकलेल्या स्थितीत तळव्याकडे बांधून टाकली, अंगुस्तानासकट. आमचे मधले बोट तसेच. दिवसभर त्या बांधलेल्या बोटानिशी चालायचे. टाळ वाजविताना आमची फारच तारांबळ झाली. लोकांनी विचारले, महाराज, हाताला काय झाले? आम्ही सांगितले, शाळेत घातले आहे. जुन्या काळी विलायतेतल्या शिंप्यांकडे उमेदवाराचे बोट असेच बांधून ठेवीत, ही रीत पुढे आमच्या वाचनात आली. आजोबांना ती त्यांच्या उस्तादाकडून मिळालेली. पट्टी फार आवळायची नाही, आणि आक्कांच्या बोटाला दर दोन तासांनी सोडून पाहायचे, असे आमच्याबरोबरच्या एका डॉक्टर वारकऱ्याने बजावले होते. ते तंतोतंत पाळले.

लोणंदच्या पुढे बोटाला कळू लागले. कसे ते सांगता येत नाही. तोवर आम्ही बोटाला हुकूम करीत होतो, वाक, टेक, ढकल. एका संध्याकाळी गप्पा मारता मारता पाहिले तर सुई सरासर चालली होती आणि बोट आपले आपण येऊन नेढ्याला टेकत होते. अंगुस्तान आहे हेच विसरलो होतो. आक्कांना आणखी चार दिवस लागले. त्यांची अडचण मोठी होती. त्यांच्या बोटांना नीट लागतच नाही, तेव्हा नेढे खळग्यात बसले की नाही ते त्यांना स्पर्शाने कळेना. आजोबांनी ते ओळखले आणि म्हणाले, "हातानं नाही कळत तर कानानं ऐका." लोखंडी अंगुस्तानावर सुई टेकली की बारीकसा टक् असा आवाज येतो. नीट बसली तर एकच आवाज, घसरली तर खरखर. रात्री पालातले सगळे निजल्यावर आक्का तो आवाज ऐकत बसत. नातेपुत्याच्या मुक्कामी आम्ही पहाटे काकड्याला उठलो तेव्हा त्यांच्या पालातून तो टक्-टक् आवाज येत होता.

तेव्हा कुठे सुईत दोरा आला. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंततो. त्याला मेण लावून घ्यायचे.

वाखरीच्या मुक्कामी पताकेची नळी फाटली. पताकेची नळी म्हणजे कापड दुमडून दुमडून पाच-सहा पदर झालेले असते. तीच शिवण, जिथे पूर्वी आक्कांचे बोट रक्ताळायचे. पताका आक्कांच्या पुढे आली. त्यांनी उजवा हात पदराखालून काढला, सगळ्यांच्या देखत. मधले अर्धे बोट, शेजारी लोखंडी अंगुस्तान. एक बाजू त्यांनी शिवली, दुसरी बाजू आमच्याकडे सरकवली. आम्ही शिवली. त्यांनी चष्मा लावून आमचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, "महाराज, हे वरवरचे पडलेत. दोन पदर धरलेत तुम्ही, खालचे तसेच राहिले." आम्ही म्हणालो, उद्या दशमी, चालून जाईल. त्या म्हणाल्या, "उसवा."

आम्ही उसवले. पुन्हा शिवायला एक तास लागला. १० जुलैला एकादशी, त्या पहाटे पताका त्याच काठीवर होती.

महाद्वारातल्या नामदेव पायरीपाशी आम्ही दरवर्षी थांबतो, तसे त्या वर्षीही थांबलो. तिथे आक्कांची क्षमा मागावी असे मनात होते, सासवडपासून होते. शब्दही जुळवून ठेवले होते. आक्का पायरीला डोके टेकून उठल्या तेव्हा आम्ही म्हणालो, आक्का, आम्ही त्या कीर्तनात बोललो ते चुकीचे बोललो. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं ना." आणि गर्दीत पुढे गेल्या. आमचे बाकीचे जुळवलेले शब्द तसेच राहिले.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी मुक्कामावर पोहोचल्यावर रोज आपले तळवे आणि बोटे दिव्याच्या उजेडात पाहावीत. स्वतःला दिसत नसेल तर शेजाऱ्याला पाहायला सांगावे, त्यात संकोच कसला? दुखत नाही म्हणजे जखम नाही असे समजू नये. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर आम्ही हो म्हणणार नाही. सोसण्याची थोरवी आम्ही पूर्वी पुष्कळ गायली आहे. ज्यांनी ती ऐकून अंगावर काढले असेल त्यांनी आता आमचे हेही ऐकावे.

शिवणाच्या पेटीत आता अंगुस्ताने ठेवली आहेत, वरून बंद अशी तीन आणि शिंप्याची उघडी दोन. आजोबांचे लोखंडी त्यांनी आक्कांना देऊन टाकले. येत्या वारीत जे कोणी शिवायला बसतील त्यांना बिनअंगुस्तानाचे बसू द्यायचे नाही, असे आक्कांनी ठरविले आहे, आणि त्यांच्यापुढे आमचे चालत नाही. लहान मापाची कमी पडतात. कोणाच्या घरी आजीच्या वेळचे एखादे पितळी अंगुस्तान शिवणाच्या डब्यात पडले असेल तर येताना घेऊन यावे. मोठ्या मापाची आणू नयेत, ती पुरेशी आहेत.